चौंडक्याचा बेस : खानापूरच्या एका डीजेचं प्रकरण

मी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापुरात मंडप आणि साउंडचा धंदा करतो. वडिलांच्या वेळी दोन कर्णे आणि एक ॲम्प्लिफायर होता. आज माझ्याकडे अठरा इंची बेसच्या दोन जोड्या, टॉप, जनरेटर आणि एक जुनी ४०७ टेम्पो आहे. एवढ्या वर्षांत माझ्या हाताखालून बरीच पोरं गेली. आधी केबल गुंडाळायची, मग बॉक्स उचलायचे, आणि एक दिवस "अण्णा, आज मी लावू काय?" म्हणत लॅपटॉपपुढं उभं राहायचं. त्यांतल्या बहुतेकांचं पुढं काय झालं ते मला ठाऊक आहे. कुणी कर्ज काढून स्वतःची डॉल्बी उभी केली आणि हप्त्यांखाली दबला, कुणी गोव्याला कामाला गेला, कुणी परत भातशेतीकडं वळला.

एकाचं मात्र वेगळं झालं. त्याला आज कोल्हापूर, सांगली, हुबळी-धारवाडहून बोलावणं येतं, आणि ते त्याच्या स्वतःच्या ट्रॅकसाठी येतं. आमच्या भागात त्याच्याबद्दल बऱ्याच गोष्टी सांगितल्या जातात. एक व्हिडिओ चालला म्हणून मोठा झाला, गोव्यात कुणाची ओळख निघाली, नशीब फळफळलं. मी हे सगळं जवळून पाहिलं आहे आणि यातलं एकही खरं नाही. नवीन पोरांना खरं काय ते कळावं म्हणून हे लिहायला बसलो. त्याच्या घरच्यांना नको आहे, म्हणून नाव देत नाही.

कौलाचा आवाज

त्याचे वडील कौलांच्या कारखान्यात होते. खानापूर तालुक्याची ओळख कौलं, विटा आणि मडकी हीच. भट्टीतून निघालेलं कौल हातात धरायचं आणि बोटाच्या पेरानं ठोकायचं. खणखणीत वाजलं तर गाडीत, बद्द वाजलं तर बाजूला. तडा डोळ्याला दिसायच्या आधी कानाला कळतो. शाळेला सुट्टी लागली की हा पोरगा वडिलांजवळ बसून कौलं ठोकायचा.

माझ्याकडं तो दहावी झाल्यावर आला. पहिल्याच आठवड्यात एका हळदीच्या कार्यक्रमात माझ्या कानाजवळ येऊन म्हणाला, "अण्णा, डावा बेस बद्द वाजायलाय." मी लक्ष दिलं नाही. मला तर सगळं ठीकच ऐकू येत होतं. तरी दुसऱ्या दिवशी बॉक्स उघडला, तर स्पीकरची कॉइल घासत होती. आणखी एक रात्र वाजवला असता तर जळालाच असता. त्या दिवसापासून प्रत्येक साउंड चेकला मी त्याला पुढं उभं करू लागलो.

हा प्रसंग आधी सांगितला, कारण पुढचं सगळं इथूनच सुरू होतं. त्याच्याकडं लॅपटॉप नव्हता, संगीताचं शिक्षण नव्हतं, एवढा तयार कान मात्र होता.

भाजीच्या टेम्पोतून गोवा

गोव्याच्या किनाऱ्यावर १९९० च्या दशकात ट्रान्स हे नाचाचं संगीत रुजलं, २००७ साली कांदोळीला सनबर्न हा संगीत महोत्सव सुरू झाला, हे जगाला माहीत आहे. आमच्यासाठी गोवा म्हणजे भाजी, दूध आणि रोजगार. बेळगावची भाजी चोर्ला घाटातून रोज गोव्यात उतरते आणि जांबोटी-कणकुंबीकडची पोरं त्याच वाटेनं कामाला जातात. हाही २०१८ च्या हंगामात एका भाजीच्या टेम्पोतून गेला आणि किनाऱ्यावरच्या एका क्लबात साउंडचा हेल्पर म्हणून लागला.

तिथं त्याचे हाल झाले. दोन महिन्यांचा पगार अडकला. शेवटी पैशांच्या बदल्यात गाणी मिसळायचा एक वापरलेला कंट्रोलर पदरात घेऊन तो परत आला. पण तिथं त्यानं दोन हंगाम रात्रीमागून रात्री जे ऐकलं, ते इथं कुणी शिकवलं नसतं. आमच्या मिरवणुकीत तीस-चाळीस सेकंदांत गाणं बदललं नाही तर पोरं ओरडायला लागतात. तिथं एक ट्रॅक सहा-सात मिनिटं चालायचा. मिनिटाला १२० ते १३० ठोक्यांची एकच चाल, आठ-आठ मात्रांच्या हिशेबात एकेक वाद्य आत यायचं, एकेक बाहेर जायचं, आणि लोक नाचत राहायचे. परत आल्यावर तो मला म्हणाला, "अण्णा, आपण लोकांना थांबूच देत नाही. ते लोक थांबवतात, मग सोडतात." या एका गोष्टीवर तो पुढं वर्षभर काम करत होता.

२५ मार्च २०२० ला लॉकडाउन लागला आणि आमची सगळी लग्नसराई गेली. माझे बॉक्स ताडपत्रीखाली पडून होते. त्यानं माझा जुना कॉम्प्युटर मागून घेतला, त्यावर एफएल स्टुडिओ हे संगीत बनवायचं सॉफ्टवेअर घातलं आणि घराच्या माळ्यावर जाऊन बसला.

दोन भाषा, एक स्टेज

सीमाभागात डीजेचं काम कशानं अवघड होतं ते बाहेरच्या माणसाला सांगावं लागतं. नवरा खानापूरचा, नवरी बैलहोंगलची असली की हळदीला एका बाजूनं मराठी गाण्याची फर्माईश येते, दुसऱ्या बाजूनं "कन्नड हाडु हाक्री", म्हणजे कन्नड गाणं लावा, असा आवाज येतो. दोन्ही पाहुणे, दोघांचा मान सारखा. सलग तीन मराठी गाणी लागली तर कुणीतरी मोजत असतं, कन्नड लागली तरी कुणीतरी मोजत असतं. घरच्या कार्यक्रमात हे हसून निभावतं. रस्त्यावर निभावत नाही.

१९५६ च्या राज्य पुनर्रचनेत बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेलं. त्यानंतर सीमावादावर महाजन आयोग झाला, २००४ पासून प्रकरण सर्वोच्च न्यायालयात आहे. दर १ नोव्हेंबरला एकाच शहरात एकीकडं कर्नाटक राज्योत्सवाची मिरवणूक आणि दुसरीकडं मराठी माणसांचा काळा दिवस असतो. त्या दिवशी कुठल्या बाजूला बॉक्स लावले यावर माझ्यासारख्याचा वर्षभराचा धंदा ठरतो. मी मराठी माणूस आहे आणि माझी बाजू कुणापासून लपलेली नाही. पण माझ्याकडं काम करणाऱ्या पोरांत कन्नड बोलणारीही आहेत आणि त्यांच्या घरीही चूल पेटायची असते.

त्याचा सुरुवातीचा माल म्हणजे रिमिक्स. मराठी गाणी, हिंदी गाणी, थोडी कन्नड जानपद, म्हणजे लोकगीतं. खाली जाड बेस आणि मध्ये स्वतःच्या नावाचा टॅग, सगळे करतात तेच. लॉकडाउनमध्ये त्याचा यूट्यूब चॅनेल बरा चालला. मराठी रिमिक्सखाली कन्नड पोरं शिव्या लिहायची, कन्नड रिमिक्सखाली मराठी पोरं. तो रात्री बसून एकेक शिवी पुसायचा.

मग २०२१ मध्ये चॅनेलच गेला. ज्या कंपनीकडं त्या गाण्यांचे हक्क होते तिनं तक्रार केली, ९० दिवसांत तीन स्ट्राइक पडले आणि एका सकाळी सगळं नाहीसं झालं. तो माझ्या दुकानात येऊन बसला तेव्हा चहासुद्धा घेईना. "लग्नात वाजवतो तेव्हा कोण काय म्हणत नाही, मग इथं काय झालं?" असं विचारत होता. इथंच बहुतेक पोरांची गल्लत होते, म्हणून थोडं सांगतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातलं ५२ वं कलम धार्मिक विधीत वाजवलेल्या गाण्याला सूट देतं आणि त्यात लग्नाची वरातही धरली आहे. पण त्याच गाण्याचे तुकडे करून, स्वतःच्या नावाचा शिक्का मारून ते जगापुढं टाकणं ही वेगळी गोष्ट आहे. त्याला ती सूट लागू नाही. चाल दुसऱ्याची, शब्द दुसऱ्याचे, आवाज दुसऱ्याचा. कायद्याच्या नजरेत त्याचं त्यात काहीच नव्हतं.

मी त्याला तेव्हा काही शहाणपण शिकवलं नाही. नवीन चॅनेल काढ एवढंच म्हणालो. माझा सल्ला चुकीचा होता. त्यानं तो ऐकला नाही हे बरंच झालं.

वाकळा लावलेली खोली

त्याच्या गावात एक वयस्कर जोगम्मा आहे. यल्लम्माच्या नावानं जोगवा मागणारी, काखेत चौंडकं घेऊन फिरणारी. चौंडकं पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. लाकडाचं नळकांडं, एका तोंडाला कातडं मढवलेलं, कातड्याच्या मधून निघालेली तार दुसऱ्या टोकाला खुंटीला बांधलेली. तार लाकडाच्या छोट्या तुकड्यानं छेडायची. ताणली की सूर वर चढतो, सैल सोडली की खाली घसरत येतो. ढोलासारखा ठोकाही त्यात आहे आणि तारेचा सूरही.

लहानपणापासून ऐकलेला हा आवाज त्याला आता वेगळाच ऐकू आला. रोलंड कंपनीनं १९८० मध्ये ८०८ नावाचं ड्रम मशीन काढलं. त्याच्या लांब घुमणाऱ्या ठोक्याला नंतरच्या लोकांनी सुरात बांधून बेससारखं वापरलं आणि वरून खाली घसरवलं. आज जगभरच्या नाचाच्या गाण्यांत तो घसरता बेस आहे. हा मला म्हणाला, "अण्णा, तो घसरता बेस आपल्या म्हातारीच्या काखेत आहे की."

रेकॉर्डिंगला मी गेलो होतो. भाताची पोती ठेवायची खोली. भिंतींवर आवाज आपटू नये म्हणून त्यानं दोरीवर चार वाकळा टांगल्या होत्या आणि माझा एक माइक पोत्यावर उशी ठेवून उभा केला होता. आजी आत आली, खोलीकडं बघितलं आणि म्हणाली, "आईचं नाव घेतल्याबिगार माझा हात चालत नाही." मग अर्धा तास ती गायली. त्यानं त्यातलं काहीच रेकॉर्ड केलं नाही. मी खूण केली, मशीन चालू कर म्हणून. त्यानं मान हलवली. गाणं संपल्यावर त्यानं विचारलं, "आजी, आता नुसतं वाजवशील काय?" आणि तिनं वाजवलं. मध्येच बाहेर कोंबडा आरवला, तेव्हा परत घ्यावं लागलं.

ट्रॅक तयार झाल्यावर एका मंडळाच्या पोरांनी आग्रह धरला की मध्ये ‘उधो’ची ललकारी घाल, लोक वेडे होतील. व्हायचेच. कन्नड असो की मराठी, सौंदत्तीला यल्लम्माच्या डोंगरावर जाणारा प्रत्येक माणूस तीच ललकारी देतो. त्यानं आजीला विचारलं. ती म्हणाली, "आईचं नाव दारू पिऊन नाचणाऱ्याच्या पायात नको." त्यानं ललकारी घातली नाही. त्या ट्रॅकमध्ये एकही शब्द नाही. चौंडकं आहे, हलगी आहे, आणि टाळीच्या जागी एका कौलाचा खणखणीत ठोका आहे. तो त्यानं वडिलांकडून घेतला.

माझ्या मते त्याचं मोठं होणं या ठिकाणी ठरलं. शब्द काढल्यावर दोन अडचणी एकाच वेळी संपल्या. हक्काची तक्रार करायला कुणी उरलं नाही आणि गाणं कुठल्या भाषेचं हे मोजायलाही कुणी उरलं नाही. सौंदत्तीच्या माघी पौर्णिमेच्या यात्रेला कोल्हापूर-सांगलीकडच्या गाड्याही जातात आणि धारवाड-बागलकोटकडच्याही. चौंडकं दोघांचं आहे. हे त्यानं ठरवून केलं असं मी म्हणणार नाही. तो आवाजाच्या मागं गेला आणि तिथं पोचला.

तीन ठिकाणी तपासलेला ट्रॅक

आता थोडं कारागिरीबद्दल. नवीन पोरं विचारतात ते हेच, आणि यातच सगळी मेहनत आहे.

तो ट्रॅक पूर्ण झाला असं कधी म्हणत नाही, तीन ठिकाणी वाजवून बघितल्याशिवाय. पहिलं ठिकाण म्हणजे माझ्या गोदामापुढची गल्ली. ५० हर्ट्झच्या बेसची लाट साधारण ७ मीटर लांब असते. आमच्या गल्ल्या जवळपास तेवढ्याच रुंद, त्यामुळं समोरासमोरच्या भिंतींत तो बेस अडकतो. एका पावलावर छाती दणाणते, दोन पावलं पुढं गेलं की काहीच नाही. म्हणून तो गल्ली चालत जातो, बेस कुठं फुगतो ते बघतो आणि परत येऊन तेवढा सूर दाबतो. दुसरं ठिकाण मोबाइल. मोबाइलच्या स्पीकरातून खालचा बेस येतच नाही. पण त्या सुराचे वरचे पडसाद ऐकू आले तर कान खालचा सूर आपल्या मनानं भरून घेतो. चौंडक्याच्या तारेची खरखर त्यानं म्हणूनच पुसली नाही, उलट थोडी वर उचलली. साध्या मोबाइलवरही तो बेस ‘कळतो’ तो त्या खरखरीमुळं.

तिसरं ठिकाण उसाचा ट्रॅक्टर. आमच्या भागात गाणं पसरतं ते ट्रॅक्टरवरून. गाळप हंगामात दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर रात्रभर कारखान्यांकडं जातात आणि प्रत्येकाच्या छतावर स्वतःचे बॉक्स असतात. ड्रायव्हरला झोप येऊ नये म्हणून जानपदची डीजे गाणी जोरात चालू असतात. गाणी येतात पेनड्राइव्हमधून, पेनड्राइव्ह भरतो मोबाइलवाला. यानं निपाणी, चिक्कोडी, अथणी भागातल्या मोबाइलच्या दुकानांत स्वतः जाऊन तो ट्रॅक फुकट दिला, आणि चांगल्या दर्जाची फाइल दिली. हलक्या फाइलमध्ये कौलाचा ठोका पत्र्यासारखा वाजतो, ते त्याला सहन होत नव्हतं.

डिसेंबर २०२२ मध्ये सीमेवर तणाव झाला. बेळगावजवळ महाराष्ट्राच्या गाड्यांवर दगडफेक झाली, दोन्हीकडच्या बस थांबल्या. आमचं सांगलीकडचं एक काम ठरलं होतं. केए २२ ची, म्हणजे कर्नाटकच्या नंबरची गाडी तिकडं न्यायची कशी म्हणून मी ते सोडलं. ज्यांनी बोलावलं होतं त्यांनीच फोनवर सांगितलं, "तुम्ही नाही आलात तरी तुमचं चौंडकं आलंय, कालच्या हळदीला वाजलं."

त्याच हंगामात संकेश्वरजवळ रात्री चहाला थांबलो होतो. समोर उसाचा ट्रॅक्टर उभा, त्यावर हाच ट्रॅक. ड्रायव्हर अथणीकडचा, मराठी फारसं येत नव्हतं. मी विचारलं, हे कुठलं गाणं? तो म्हणाला, "यल्लम्मन हाडु री." ट्रॅकमध्ये आईचं नाव कुठंही नाही. तरी त्यानं ते यल्लम्माचं गाणं आहे असंच सांगितलं. मी घरी येऊन हे त्याला सांगितलं तेव्हा तो बराच वेळ काही बोलला नाही.

पैसे आणि कान

धंद्याचा हिशेब सांगतो. आमच्याकडं पैसे साउंडला मिळतात, डीजेला नाही. सुपारी बॉक्सच्या जोड्यांवर ठरते आणि लॅपटॉपवरच्या पोराला रात्रीचे पाचशे-हजार देऊन मोकळे होतात. म्हणून प्रत्येक पोराला वाटतं, आपणही डॉल्बी उभी करावी. यालाही वाटलं होतं. कर्जाचे कागदही तयार होते. त्याच्या वडिलांनी सही केली नाही आणि मी जामीन राहिलो नाही. चार दिवस तो आमच्याशी बोलला नाही. आज तो एक बॅग घेऊन जातो, साउंड जिथला तिथं असतो, आणि त्याचे पैसे साउंडपासून वेगळे ठरतात. ट्रॅक त्याच्या नावानं नोंदवलेले आहेत. आजीबरोबर त्यानं बाँडपेपरवर लिहून घेतलं: त्या ट्रॅकमधून जे येईल त्याचा चौथा हिस्सा तिचा. कुणी सांगितलं नव्हतं, त्यानंच केलं.

एक गोष्ट मी मनापासून लिहितो. माझ्या डाव्या कानात गेली सहा वर्षं शिट्टी वाजते. रात्री उशीला कान लावला की जास्त. ८५ डेसिबलचा आवाज आठ तासांपर्यंत चालतो असं धरतात. त्यावर दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. १०० डेसिबलला फक्त पंधरा मिनिटं. आमच्या बॉक्सच्या भिंतीपुढं पोरं चार-चार तास उभी असतात, खांद्यावर लहान मुलं घेऊन. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, रात्री १० नंतर लाउडस्पीकर बंद. या नियमांकडं मी वर्षानुवर्षं पोलिसांचा त्रास म्हणून बघितलं आणि त्याची किंमत कानानं मोजली. हा पोरगा पहिल्यापासून कानात बोळे घालून वाजवतो, मुलं बॉक्सपुढं आली की आवाज खाली आणतो आणि १० वाजता बंद करतो. त्यामुळं काही मंडळांनी त्याला परत बोलावलं नाही. ते नुकसान त्यानं सोसलं.

सगळं जमलं असं नाही. दुसरा ट्रॅक पडला. त्यात त्यानं निपाणीकडच्या धनगरी ढोलाचे तुकडे घेतले होते, पण ढोलवाल्यांबरोबर बसला नव्हता. कुणाच्या तरी मोबाइलवरच्या व्हिडिओतून आवाज उचलला होता. ढोल तिथं होता, कैताळ म्हणजे मोठ्या झांजा होत्या, पण ऐकताना पोकळ वाटायचं. अप्पाचीवाडीच्या हालसिद्धनाथाच्या यात्रेत ढोलांच्या मध्ये उभं राहिलं की जमीन हलते, त्यातलं काही त्यात उतरलं नव्हतं. त्यानं तो ट्रॅक स्वतःच काढून टाकला.

गेल्या महिन्यात आजीचा हिस्सा द्यायला तो गेला तेव्हा मीही बरोबर होतो. तिनं नोटा मोजल्या, डोंगराला जायचे बाजूला काढून लुगड्याच्या गाठीला बांधले. मग म्हणाली, "लाव बघू ते." त्यानं फोन तिच्या कानाजवळ धरला. तिनं पूर्ण ऐकलं, डोळे मिटून, बोटं मांडीवर हलवत. संपल्यावर म्हणाली, "त्या दिवशी तार सैल होती रे. परत घे."

तो उठला आणि वाकळा आणायला गेला.